अस्सल बरहुकूम नक्कल

कोल्हापूर शहराच्या उत्तर अंगास, भवानी मंडपाकडून निघालेला रस्ता नव्या राजवाड्याला मागे टाकून पंचगंगेच्या दिशेने पुढे जातो, तेथे कसबा बावडा वसले आहे. महानगरपालिकेच्या हद्दीत असूनही आपले गावपण त्याने पुरते टाकलेले नाही. उसाची शिवारे आहेत, राजाराम सहकारी साखर कारखाना आहे, अभियांत्रिकी आणि वैद्यक शिकविणारी महाविद्यालये आहेत, आणि नदीवर तो राजाराम बंधारा आहे, ज्याच्या पाणीपातळीचे फूट-इंच पावसाळ्याच्या चार महिन्यांत सारा जिल्हा सकाळ-संध्याकाळ विचारीत असतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे येथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत ही पातळी ५५ फुटांच्या वर गेली. बावड्याहून शियेकडे जाणारा रस्ता पाण्याखाली गेला, शिरोलीपाशी पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडला, आणि नदीकाठच्या वस्तीत आधी माणसे, मग जनावरे आणि त्यानंतर सवड सापडलीच तर कागदपत्रे, या क्रमाने वर चढविण्यात आली.

कागदपत्रांचा क्रम शेवटचा लागतो, हे योग्यच आहे. परंतु ज्या कचेरीचा, पतसंस्थेचा किंवा छापखान्याचा सारा व्यवहार त्या कागदांवर उभा असतो, तिला पाणी ओसरल्यावर त्यांची आठवण सर्वांत आधी होते. दप्तर आता रुमालात बांधून फडताळात ठेवलेले नसते. ते चार-सहा चकत्यांच्या एका लहानशा पेटीत असते. नेटवर्कला जोडलेल्या या साठवणपेटीला कारागीर मंडळी ‘नॅस’ म्हणतात, आणि ती बहुधा तळमजल्यावरच, विजेच्या बोर्डाजवळ, जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवलेली आढळते. शहाणा कारभारी अशा पेटीची दुसरी प्रत उंचावर, म्हणजे आपल्याकडे टेंबलाईच्या टेकडीकडच्या एखाद्या इमारतीत, ठेवतो आणि रोज रात्री खालच्या पेटीतले वरच्या पेटीत उतरवून घेतो. हे उतरवून घेणे कसे होते, आणि त्यात कोठे फसगत होते, हा या प्रकरणाचा विषय आहे.

आधी थोडे गणित करू. दप्तर २ टेराबाइटांचे आहे आणि दोन इमारतींमधील दुवा सेकंदाला १०० मेगाबिट वाहून नेतो, असे धरले, तर सगळे दप्तर एकदा नेण्यास १,६०,००० सेकंद, म्हणजे सुमारे ४४ तास लागतात. कचेरी बंद झाल्यापासून उघडेपर्यंतची रात्र त्याला पुरणारी नाही. पण दिवसभरात खरोखर बदललेला मजकूर जर ५०० मेगाबाइट असेल, तर तेवढाच नेण्यास ४० सेकंद पुरतात. ४४ तास आणि ४० सेकंद यांच्यामधले हे अंतर ज्याला तोडता आले त्याची नक्कल रोज होते. ज्याला ते तोडता आले नाही त्याची नक्कल पहिल्या उत्साहात एकदा होते आणि पुढे कपाटात धूळ खात पडते.

संस्थानी अमदानीतल्या कचेऱ्यांत नक्कल उतरवून घेण्याची रीत ठरलेली होती. एक कारकून अस्सल कागदावरून नक्कल करी. दुसरा तिची रुजवात घेई, म्हणजे एकजण अस्सल मोठ्याने वाची आणि दुसरा नकलेच्या ओळींवरून बोट फिरवी. आणि मगच त्या कागदावर ‘अस्सल बरहुकूम नक्कल’ असा शेरा पडे. आजही भूमी अभिलेखाच्या कचेरीतून निघणाऱ्या नकलेवर नक्कल करणारा आणि रुजवात घेणारा यांच्या वेगवेगळ्या सह्यांना जागा असते. या रीतीतला एक बारकावा पुढे फार उपयोगी पडणार आहे, म्हणून तो येथेच नोंदवून ठेवतो. अस्सल कोल्हापुरात आणि नक्कल पन्हाळ्यास असेल, तर दोन्ही कागद एका मेजावर आणल्यावाचून रुजवात होत नाही. आणि कागद आणावयाचेच, तर नवी नक्कलच का करू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. दूर राहूनच रुजवात घेता आली, तरच फरकापुरती नक्कल किफायतशीर ठरते.

नेमके हेच कोडे १९९६ साली ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे, ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस या दोघांनी सोडविले आणि त्यातून ‘आरसिंक’ हा प्रोग्रॅम जन्मास आला. ट्रिजेल यांचा १९९९ चा डॉक्टरेटचा प्रबंधही याच विषयाला वाहिलेला आहे. आरसिंकला खिडक्या नाहीत, चित्रे नाहीत. काळ्या पडद्यावर एक ओळीचा हुकूम टंकावयाचा, आणि तो निमूटपणे कामास लागतो. आज जगभरातील लिनक्स संकेतस्थळांच्या प्रतिकृती याच्या साहाय्याने ताज्या ठेवल्या जातात, आणि सिनॉलॉजी किंवा क्यूनॅप यांसारख्या बाजारात मिळणाऱ्या साठवणपेट्यांतही तो आधीपासून बसविलेला असतो.

त्याची पहिली पायरी अगदी साधी, जवळजवळ आळशी वाटावी अशी आहे. दोन्ही फोल्डरांतील प्रत्येक फाईलीचे आकारमान आणि शेवटच्या फेरफाराची वेळ, एवढ्या दोनच गोष्टी तो ताडून पाहतो. दोन्ही जुळल्या तर आतला मजकूर उघडूनही न पाहता तो पुढे जातो. लाखभर फायलींच्या दप्तरातून बदललेल्या शेदोनशे फायली अशा रीतीने काही मिनिटांत बाजूला निघतात. या आळसाला अर्थातच किंमत आहे. आकार तोच ठेवून आणि वेळ जुनीच कायम राखून आतला मजकूर बदलणारे काही प्रोग्रॅम असतात. व्हेराक्रिप्टच्या कुलूपबंद फायली हे त्याचे ठळक उदाहरण. अशी फाईल महिनोन्‌महिने ‘न बदललेली’ म्हणूनच गणली जाते. उलट बाजूने, पेनड्राइव्हवरील जुन्या फॅट पद्धतीत वेळ दोन सेकंदांच्या पटीतच नोंदली जात असल्याने काहीच न बदललेली फाईलही बदलल्यासारखी दिसते. तेथे ‘मॉडिफाय-विंडो’ नावाची सवलत देऊन एका सेकंदाचा फरक क्षम्य मानावा लागतो. याच फॅट पद्धतीत स्थानिक घड्याळाची वेळ लिहिली जाते, आणि युरोप-अमेरिकेत वर्षातून दोनदा घड्याळे पुढेमागे केली की तेथील दप्तरांत तासाभराच्या फरकाचा हलकल्लोळ उडतो. आपल्या देशात घड्याळे हलवीत नाहीत, त्यामुळे ही एक पीडा तरी आपल्या वाट्यास आलेली नाही.

ट्रिजेल यांची खरी करामत दुसऱ्या पायरीत आहे. एक फाईल १ गिगाबाइटाची आहे आणि तिच्यात मध्येच कोठे तरी एक ओळ घातली गेली आहे, असे समजा. जुनी आवृत्ती टेकडीवरच्या पेटीत, नवी बावड्याच्या पेटीत. आणि दोघींनाही परस्परांचा मजकूर दिसत नाही. टेकडीवरची पेटी आपल्या जुन्या फाईलीचे समान तुकडे पाडते. तुकड्याची लांबी साधारणतः फाईलीच्या आकारमानाच्या वर्गमुळाइतकी धरतात. १ गिगाबाइटासाठी ३२,७६८ बाइटांचा एक असे ३२,७६८ तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याच्या दोन खुणा काढल्या जातात: एक झटपट निघणारी पण ढोबळ, आणि दुसरी कष्टाने निघणारी पण भरवशाची. या खुणांची यादी बावड्यास पाठविली जाते. दोन्ही खुणा पूर्ण लांबीने पाठविल्या तरी ती यादी ६४० किलोबाइटांपलीकडे जात नाही, आणि प्रत्यक्षात भरवशाची खूण आखूड करून पाठवीत असल्याने त्याहूनही बरीच कमी होते.

आता बावड्याच्या पेटीला आपल्या नव्या फाईलीत यांपैकी कोणता तुकडा कोठे आढळतो ते शोधावयाचे असते. नुसते ओळीने तुकडे पाडून भागत नाही, कारण मध्ये एक ओळ घुसल्याने पुढचा सगळा मजकूर काही अक्षरे सरकलेला असतो. म्हणून तुकडा प्रत्येक बाइटापासून सुरू होतो असे मानून पाहावे लागते. अब्जावधी ठिकाणी नव्याने खूण काढीत बसणे परवडणारे नाही, आणि येथेच ती ढोबळ खूण कामास येते, कारण ती एका घराने पुढे सरकविता येते. उदाहरणासाठी बंधाऱ्यावरचीच आकडेवारी कल्पू. समजा, चार वाचने ओळीने ३१, ३३, ३६ आणि ३८ फूट अशी आहेत. त्यांची साधी बेरीज १३८. दुसरी बेरीज भारित: पहिल्यास चारपट, दुसऱ्यास तिप्पट, तिसऱ्यास दुप्पट आणि चौथ्यास एकपट वजन देऊन ती ३३३ भरते. पाचवे वाचन ३९ आले आणि खिडकी एक घर पुढे सरकली. साध्या बेरजेतून गेलेले ३१ वजा करून आलेले ३९ मिळविले, १४६ झाले. भारित बेरजेतून गेलेल्या ३१ ची चौपट, म्हणजे १२४, वजा केली आणि नवी साधी बेरीज १४६ मिळविली, ३५५ झाले. वाचकाने हवे तर ३३, ३६, ३८ आणि ३९ घेऊन सगळी भारित बेरीज पुन्हा मांडून पाहावी, उत्तर ३५५ च येईल. खिडकी चार आकड्यांची असो की ३२,७६८ बाइटांची, प्रत्येक पाऊल टाकण्यास तेवढीच दोन-चार कृत्ये पुरतात.

ढोबळ खूण यादीतल्या कोणत्याशी जुळली, की मगच भरवशाची खूण काढून खात्री केली जाते. आरंभी त्यासाठी एमडी-४ ही पद्धत होती, पुढे एमडी-५ आली, आणि २०२० नंतरच्या आवृत्त्यांत एक्सएक्सहॅश ही अधिक चपळ पद्धत वापरतात. तुकडा सापडला तर त्याचा नुसता क्रमांक पाठवावयाचा, न सापडलेला मजकूर मात्र अक्षरशः पाठवावयाचा. टेकडीवरची पेटी हे वाचून आपल्याच जुन्या तुकड्यांतून आणि आलेल्या नव्या मजकुरातून फाईल जुळविते, ती आधी एका तात्पुरत्या नावाने बाजूला लिहिते, संपूर्ण फाईलीची शेवटची खूण अस्सलाशी पडताळते, आणि ताळा जमला तरच जुने नाव तिला देते. त्यामुळे अर्धीमुर्धी नक्कल खऱ्या नावाने कधीच वावरत नाही. वळवाच्या पावसात वीज जाते तेव्हा हा गुण विशेष जाणवतो. ‘पार्शल-डिर’ ही सवलत दिलेली असली तर आलेला अर्धा भागही फुकट जात नाही.

या सगळ्या हिकमतीत श्रमविभाग कसा आहे, तो ध्यानात घ्यावा. जुनी फाईल जुनीच्या पेटीने वाचली, नवी फाईल नवीच्या पेटीने वाचली. दोन इमारतींमधल्या तारेवरून फक्त खुणा आणि फरक गेला. आणि हीच गोष्ट बहुतेक कचेऱ्यांत नकळत मोडली जाते.

होते असे, की दोन्ही साठवणपेट्यांतील फोल्डरे एखाद्या तिसऱ्याच संगणकावर ‘माउंट’ करून घेतलेली असतात, म्हणजे ती त्या संगणकाच्या स्वतःच्या चकतीवर असल्यागत दिसतात. आणि मग त्या संगणकावरून, एका फोल्डराकडून दुसऱ्याकडे, असा आरसिंकचा हुकूम सोडला जातो. आरसिंकच्या दृष्टीने दोन्ही पत्ते घरचेच असतात. घरातल्या घरात खुणा काढीत बसण्यापेक्षा फाईल सरळ उतरविणे स्वस्त, असे जाणून अशा वेळी तो ती तुकड्यांची करामत आपण होऊनच बंद ठेवतो आणि बदललेली प्रत्येक फाईल संपूर्ण नेतो. हे कळल्यावर काही हौशी लोक ‘नो-होल-फाइल’ असे सांगून ती करामत बळेच सुरू करवितात, आणि तेथे तर प्रकरण अधिकच बिघडते. कारण टेकडीवरच्या जुन्या फाईलीच्या खुणा काढावयाच्या तर तिचे सगळे १ गिगाबाइट तारेवरून या तिसऱ्या संगणकाकडे यावे लागते, आणि जुळविलेली नवी फाईल लिहावयाची तर सगळे १ गिगाबाइट पुन्हा तारेवरून जावे लागते. एक गिगाबाइट वाचविण्याच्या नादात निदान दोन खर्ची पडतात. पन्हाळ्याचा कागद रुजवातीसाठी कोल्हापुरास आणून परत धाडण्याचाच हा प्रकार.

उपाय असा, की दूरच्या टोकास आरसिंकचाच दुसरा प्रतिनिधी उभा असला पाहिजे. त्यासाठी वरच्या पेटीवर एसएसएचची, म्हणजे दुरून सुरक्षित प्रवेशाची, वाट उघडावी, किंवा आरसिंकची स्वतःची सेवा ८७३ क्रमांकाच्या दरवाजावर चालू करावी, आणि नकलेचा पत्ता लिहिताना आधी यंत्राचे नाव, मग अपूर्णविराम (आरसिंकच्या स्वतःच्या सेवेसाठी लागोपाठ दोन) आणि मग फोल्डर असा लिहावा. त्या अपूर्णविरामाने सारा कारभार बदलतो. तो दिसला की आरसिंक समजतो, पलीकडे आपला माणूस आहे. तिसऱ्या संगणकावर बसून दोन्ही पत्ते असे दूरचे दिले तर तो हुकूमच नाकारतो. दोहोंपैकी एका पेटीत प्रवेश करूनच तो सोडावा लागतो. पुष्कळांना हा त्याचा आडमुठेपणा वाटतो. मला ती नेकी वाटते. यात एक गंमतही आहे: विंडोजच्या सामायिक फोल्डरांची भाषा लिनक्सला शिकविणारा ‘सांबा’ हा प्रोग्रॅम, ज्याच्या जोरावर अशी फोल्डरे आपण माउंट करतो, तोही मुळात याच ट्रिजेल यांनी लिहिलेला. विंडोजमधील ‘रोबोकॉपी’ हा हुकूमही कामाचा आहे, परंतु तोही आकारमान आणि वेळ पाहून थांबतो; फाईलीच्या आतला फरक तो वेगळा काढीत नाही, बदललेली फाईल सबंध उचलतो.

हुकूम प्रत्यक्ष कसा असतो? पडद्यावर तो रोमन अक्षरांत टंकावा लागतो, येथे नागरीत लिहितो: आरसिंक -ए -एन --डिलीट /दप्तर/ टेकडी:/नक्कल/. यातील ‘ए’ हे अक्षर उपफोल्डरे, हक्क, मालकी, वेळा हे सारे जसेच्या तसे राखण्यास सांगते. ‘डिलीट’ सांगते, की अस्सलात जे उरलेले नाही ते नकलेतूनही काढून टाकावे. आणि ‘एन’ हे त्या ओळीतले सर्वांत मोलाचे अक्षर आहे, कारण ते असता आरसिंक प्रत्यक्षात काहीही करीत नाही. काय करणार आहे याची यादी तेवढी ‘आयटेमाइज-चेंजेस’ या सवलतीसह बारीक कारणांनिशी वाचून दाखवितो: अमुक फाईलीचा आकार बदलला, तमुकीची नुसती वेळ, अमकी पुसली जाणार. नवा हुकूम ‘एन’ लावून चालवावा, यादी वाचावी, आणि मगच ते अक्षर काढावे. जी यादी वाचावयास कंटाळा येतो तीच बहुधा वाचण्यासारखी असते.

अस्सलाच्या पत्त्यानंतरची ती तिरपी रेघही क्षुल्लक समजू नये. रेघ असली तर ‘फोल्डरातला मजकूर’ असा अर्थ होतो. नसली तर ‘फोल्डर स्वतः’. रेघ विसरल्यास नकलेच्या पोटात दप्तर नावाचे नवेच फोल्डर तयार होते, आणि सोबत ‘डिलीट’ असले तरी आधीची नक्कल त्याच्या शेजारी जुनीच पडून राहते. नुसते बावडा म्हणून पत्र टाकले तर ते सुमारे ५५ किलोमीटरांवरच्या गगनबावड्यासही जाऊ शकते. पत्ता संपूर्ण हवा. दुसरा अपघात याहून कपटी. अस्सलाचे फोल्डर माउंट केलेले असते आणि काही कारणाने ती जोडणी सुटते. उरते ते त्याच नावाचे रिकामे फोल्डर. आरसिंक आज्ञाधारकपणे रिकाम्याची नक्कल करतो, म्हणजे टेकडीवरचे सगळे पुसतो. वाचताना चूक झाल्याचे त्याला कळले तर तो पुसणे आपण होऊन थांबवितो, पण रिकामे फोल्डर वाचण्यात चूक ती कोणती? म्हणून ‘मॅक्स-डिलीट’ने पुसण्याच्या संख्येस मर्यादा घालावी आणि हुकुमाच्या आधी एखादी ठरलेली खुणेची फाईल जागेवर आहे की नाही, ते तपासावे.

आपल्या भाषेपुरती एक अडचण आहे, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत ती सापडावयाची नाही, म्हणून तिच्यावर थोडा थांबतो. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावाची फाईल साखरपट्ट्यातल्या कोणत्या दप्तरात नाही? या नावातला अर्धा र यंत्राच्या पोटात एकाच रीतीने लिहिलेला असेल, याची शाश्वती नसते. युनिकोडमध्ये ऱ या अक्षरास स्वतंत्र क्रमांक आहे. तेच अक्षर र आणि नुक्ता असे दोन क्रमांक जोडूनही लिहिता येते. आणि काही कळफलक र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह अशा तिसऱ्याच मार्गाने तो आकार काढतात. डोळ्यांस तिन्ही सारखी, यंत्रास तीन वेगळी नावे. लिनक्सवरची पेटी नाव जसे आले तसे ठेवते. ॲपलच्या मॅक संगणकांवरील जुनी एचएफएस-प्लस पद्धत मात्र ऱ ची आपण होऊन र आणि नुक्ता अशी फोड करते. मग अशा मॅकवर नक्कल ठेवली, की आरसिंकला यादीत एक नाव आगंतुक आणि दुसरे गैरहजर दिसते. तो फाईल पुसतो आणि तीच पुन्हा संपूर्ण पाठवितो, आणि हा खेळ रात्रीमागून रात्र चालू राहतो. ‘आयकॉन्व्ह’ या सवलतीने नावांचे रूपांतर करावयास सांगता येते, आणि नव्या एपीएफएस पद्धतीत अशी फोड होत नाही. अदृश्य जोडचिन्हाचा प्रश्न मात्र यांपैकी कशानेच सुटत नाही, त्यासाठी कचेरीतल्या सर्व संगणकांवर एकच कळफलक असणे बरे. नावाच्या लांबीचेही भान ठेवावे. लिनक्सच्या नेहमीच्या पद्धतीत नावास २५५ बाइटांची मर्यादा असते आणि नागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी तीन बाइट घेते. म्हणजे चिन्हे फक्त ८५. पत्राचा सबंध विषय, त्यातल्या ‘संदर्भीय पत्रान्वये’ पासून ‘बाबत’ पर्यंत, फाईलीच्या नावात लिहिण्याची जी सरकारी हौस आहे तिला ही मर्यादा फार लवकर आडवी येते.

काही जातींच्या फायलींपुढे आरसिंकची करामत चालत नाही, तेवढे ओझरते सांगतो. दाबून लहान केलेल्या जीझिप फाईलीत आरंभी एक अक्षर बदलले तर पुढचे बहुतेक सारे बदलते. जुने तुकडे जुळत नाहीत. चालू असलेल्या डेटाबेसची फाईल तशीच उचलली तर अर्धी जुनी, अर्धी नवी अशी विसंगत नक्कल हाती येते. आधी तिचा निर्गत उतारा काढावा आणि त्या उताऱ्याची नक्कल करावी. आणि दोन्ही टोकांस माणसे एकाच फाईलीत लिहीत असतील तर आरसिंक हे त्या कामाचे हत्यारच नाही, कारण तो एकाच दिशेने वाहतो आणि नकलेकडचे लिखाण बेधडक झाकतो. तेथे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात तयार झालेला ‘युनिसन’ वापरावा, जो दोन्हीकडचे फेरफार ताडतो आणि विरोध दिसला की विचारतो.

रोजची नक्कल रोज अस्सलाबरहुकूम झाली, यात आणखी एक धोका दडलेला आहे. मंगळवारी कोणी चुकून खतावणी पुसली, की मंगळवारच्या रात्री ती नकलेतूनही जाते. खंडणीखोर व्हायरसाने सगळ्या फायली कुलूपबंद केल्या, तर कुलूपबंद फायलींचीच इमानेइतबारे नक्कल होते. यावर ‘लिंक-डेस्ट’ ही सवलत फार सुंदर आहे. रोज रात्री तारखेच्या नावाने नवे फोल्डर करावयाचे आणि आरसिंकला कालचे फोल्डर दाखवावयाचे. जी फाईल बदललेली नाही तिची प्रत न करता तो कालच्याच फाईलीस आज दुसरे नाव देतो, आणि बदललेली तेवढी नव्याने लिहितो. पाहणाऱ्यास प्रत्येक तारखेस संपूर्ण दप्तर दिसते. जागा मात्र एका दप्तराची अधिक रोजच्या फेरफारांची, एवढीच लागते. मात्र सगळी फोल्डरे एकाच चकतीव्यवस्थेवर हवीत, आणि फॅटच्या पेनड्राइव्हवर हा प्रयोग चालत नाही, कारण एका फाईलीस दोन नावे देणे तिला माहीतच नाही. ‘इनप्लेस’ ही सवलतही या बरोबर कधी जोडू नये. ती जुनी फाईल जागच्या जागी खोडून लिहिते आणि एकाच वेळी सगळ्या तारखा बिघडवून ठेवू शकते.

त्याहून महत्त्वाचे, हुकूम कोणी सोडावयाचा? बावड्याची पेटी वर ढकलीत असेल, तर तिच्यापाशी टेकडीच्या पेटीत लिहिण्या-पुसण्याचा हक्क असतो, आणि तिच्यात शिरलेल्या चोरासही तो मिळतो. टेकडीची पेटी स्वतः खाली येऊन ओढून नेत असेल आणि बावड्यास तिने केवळ वाचावयाचा हक्क घेतला असेल, तर खालचा चोर वरच्या तारखांस हात लावू शकत नाही. फरकाचे गणित दोन्ही रीतींत तेच राहते. घरोघरी ढकलण्याची रीत दिसते, ती केवळ हुकूम लिहिणारा माणूस खालच्या कचेरीत बसतो म्हणून.

राहिला तो पहिल्या ४४ तासांचा प्रश्न, कारण फरक काढण्यास आधी पूर्ण नक्कल हवीच. ती तारेवरून करण्याचा हट्ट धरू नये. दोन्ही पेट्या एका खोलीत, एका तारेने जोडून, पहिली नक्कल मे महिन्यातच पुरी करावी आणि मग पेटी रिक्षात घालून टेकडीवर न्यावी. पुढची रोजची नक्कल रात्री दोन वाजता, ठरल्या वेळी हुकूम सोडणाऱ्या ‘क्रॉन’कडे सोपवावी, आणि आदल्या रात्रीची धाव संपलेली नसेल तर नवी सुरू होऊ नये म्हणून ‘एफलॉक’चे कुलूप घालावे. महिन्यातून एकदा, रविवारी, ‘सी’ हे अक्षर लावून तीच यादी ‘एन’सह काढावी. या अक्षराने आरसिंक केवळ आकार-वेळेवर न विसंबता दोन्हीकडचा प्रत्येक बाइट वाचतो, आणि पलीकडे त्याचा प्रतिनिधी असल्याने तेही आपापल्या जागी होते. तारेवरून फक्त खुणा जातात, तरी चकत्या वाचण्यातच दिवस मोडतो. यादीत ज्या फायली निघतील, त्यांतील वेळ आणि आकार जुळूनही खूण न जुळणाऱ्या वेगळ्या काढाव्यात: एक तर व्हेराक्रिप्टसारखा कोणी प्रोग्रॅम आहे, नाही तर दोहोंपैकी एक चकती सडू लागली आहे. दुसऱ्या कारणाचा संशय आल्यास त्या फायली मागच्या तारखांच्या फोल्डरांतून तिसऱ्याच जागी उतरवून, उघडून पाहाव्यात, आणि तोवर त्या रात्रीचा क्रॉन बंद ठेवावा.